बोकड-हरिण : पवित्र शास्त्रातील एका ‘अशक्य’ प्राण्याविषयी

बालाघाट जिल्ह्यातील बैहर येथे धर्मशिक्षकांच्या शिबिरासाठी आमचे जाणे झाले, तेव्हा घडलेल्या एका लहानशा प्रसंगातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. बैहर हे मैकल डोंगररांगांतील तालुक्याचे गाव. उत्तरेला व पूर्वेला कान्ह्याचे अरण्य, भोवती बैगा आणि गोंड बांधवांच्या वस्त्या. जिल्ह्याचा दक्षिण भाग महाराष्ट्राला लागून असल्याने आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच हा मुलूख मोडत असल्याने, तेथील पुष्कळ धर्मशिक्षकांना मराठी वाचन आजही सुलभ वाटते. शिबिरात जुन्या कराराच्या नियमशास्त्राचा अभ्यास चालू होता. एका धर्मशिक्षकाने अनुवादाच्या १४ व्या अध्यायातील शुद्ध व अशुद्ध प्राण्यांची यादी वाचून दाखविली आणि तीतील एका प्राण्याचा खुलासा पुढीलप्रमाणे केला : “हा बोकड आणि हरिण यांच्या मिश्रणातून झालेला प्राणी होय.”

ओसरीच्या कडेला एक वृद्ध बैगा गृहस्थ बसले होते. त्यांचे आयुष्य जंगलात गेलेले. त्यांनी शांतपणे विचारले, “गुरुजी, बोकडही पाहिला, हरिणही पाहिले. हरिण दरसाल शिंगे टाकते, ती आम्ही वेचतो. बोकड कधी शिंगे टाकत नाही. मग या प्राण्याची शिंगे पडतात की राहतात?”

धर्मशिक्षक निरुत्तर झाले. आम्हीही क्षणभर निरुत्तर झालो, कारण तो खुलासा त्यांनी स्वतःच्या मनाने केलेला नव्हता. काही वर्षांपूर्वी वर्गात आम्हीच सांगितलेली टिपणे त्यांच्या वहीत होती आणि त्या टिपणांत ते वाक्य होते. चूक आमची होती. तिची लाज मात्र त्यांना भोगावी लागली. म्हणून या प्राण्याची हकीकत मुळापासून तपासणे आम्हांस कर्तव्य वाटले. प्राणी क्षुल्लक असला तरी त्याच्या निमित्ताने शास्त्राचे वाचन, भाषांतर आणि उपदेशकाची विश्वसनीयता या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

शब्दाचा जन्म

ग्रीक भाषेत ‘त्रागेलाफोस’ असा एक जोडशब्द आहे. ‘त्रागोस’ म्हणजे बोकड आणि ‘एलाफोस’ म्हणजे सांबरासारखे मोठ्या शिंगांचे हरिण. दोन्ही मिळून बोकड-हरिण. इ. स. पूर्वी ४०५ साली अथेन्स येथे सादर झालेल्या ‘बेडूक’ या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीस या विनोदी नाटककाराने, पौर्वात्य पडद्यांवर विणल्या जाणाऱ्या विचित्र आकृतींत या प्राण्याची गणना केली आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या सहाव्या भागात, चित्रकार निरनिराळे अवयव एकत्र करून जी रूपे निर्माण करतात त्यांचे उदाहरण म्हणून बोकड-हरिणच घेतले आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने तर या प्राण्याला तर्कशास्त्रात कायमचे स्थान दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ‘बोकड-हरिण’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला काहीतरी अर्थबोध होतो, परंतु ‘आहे’ किंवा ‘नाही’ हे पद त्याला जोडले जात नाही तोवर तो खराही नसतो व खोटाही नसतो. अन्यत्र तो आणखी एक पायरी पुढे जातो. जे अस्तित्वातच नाही ते काय आहे हे कोणालाही जाणता येत नाही. फार तर त्याच्या नावाचा अर्थ कळू शकतो.

आपल्या वाचकांना हा विचार परका वाटू नये. भारतीय दर्शनांत ‘शशशृंग’, ‘वंध्यापुत्र’, ‘आकाशपुष्प’ ही उदाहरणे याच कामी योजली जातात. ससा आहे, शिंग आहे. सशाचे शिंग मात्र नाही. ग्रीक विचारवंतांचे बोकड-हरिण म्हणजे आपल्याकडील सशाचे शिंगच होय.

परंतु याच शब्दाचे दुसरेही एक आयुष्य होते, हे विसरता कामा नये. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात हाच शब्द एका प्रत्यक्ष प्राण्यास लावतो. दाढी असलेला, खांद्यावर लांब केस असलेला हा हरिणासारखा प्राणी फासिस नदीच्या काठी आढळतो, असे तो लिहितो. तेव्हा तत्त्वज्ञांच्या तोंडी हा शब्द ‘नसलेल्या’ प्राण्याचा, तर निसर्गवर्णन करणाऱ्यांच्या तोंडी ‘असलेल्या’ प्राण्याचा वाचक होता. पुढे जो घोटाळा झाला त्याचे बीज या दुहेरी वापरात आहे.

शास्त्रात प्रवेश

इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकात मिसर देशातील अलेक्झांड्रिया येथे यहुदी विद्वानांनी नियमशास्त्राच्या पाच ग्रंथांचे ग्रीक भाषांतर केले. सेप्टुआजिंट, म्हणजे सत्तरांचे भाषांतर, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहाचा तो आरंभ होय. अनुवाद १४:४-५ येथे खाण्यास योग्य अशा दहा प्राण्यांची नावे आहेत. बैल, मेंढरू व बकरे हे तीन पाळीव. उरलेले सात रानटी. या सातांतील ‘अक्को’, ‘दीशोन’ आणि ‘झेमेर’ ही तीन नावे प्राण्यांची नावे म्हणून सबंध हिब्रू बायबलात केवळ याच ठिकाणी येतात. ज्या शब्दाचा दुसरा प्रयोगच उपलब्ध नाही त्याचे भाषांतर करणे किती अवघड असते, हे भाषांतराचे काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ग्रीक पाठात ‘अक्को’च्या जागी ‘त्रागेलाफोस’ हा शब्द आला. ‘झेमेर’च्या जागी ‘कामेलोपार्दालिस’ म्हणजे शब्दशः ‘उंट-बिबळ्या’ हा शब्द आला. त्याचा अर्थ जिराफ. पुढे संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरातही हेच दोन शब्द कायम राहिले.

अशा रीतीने ज्याचे नाव तर्कशास्त्राच्या वर्गात ‘नसलेला प्राणी’ म्हणून घेतले जात होते, तो पवित्र शास्त्राच्या पानावर ‘खाण्यास शुद्ध प्राणी’ म्हणून उभा राहिला.

ओरिजेनचा युक्तिवाद

सुमारे इ. स. १८५ मध्ये जन्मलेला अलेक्झांड्रियाचा थोर शास्त्रज्ञ ओरिजेन याच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. ‘मूलतत्त्वांविषयी’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो शास्त्राच्या अर्थनिर्णयाची चर्चा करतो. शास्त्रात काही गोष्टी शब्दशः घेणे अशक्य आहे. देवाने त्या वाटेतील धोंड्यांप्रमाणे मुद्दाम ठेवल्या आहेत, जेणेकरून वाचकाने अडखळून वरवरच्या अर्थापाशी न थांबता खोल अर्थाचा शोध घ्यावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. याच्या पुष्ट्यर्थ तो दोन प्राणी पुढे करतो. मोशेचे नियमशास्त्र बोकड-हरिण खाण्याची मुभा देते, पण असा प्राणी असणे शक्य नाही. तेच नियमशास्त्र ‘ग्रिफिन’, म्हणजे अर्धा गरुड व अर्धा सिंह असा पक्षी, खाण्यास मना करते; पण तो कधी कोणा माणसाच्या हाती लागल्याचे ऐकिवात नाही.

युक्तिवाद डौलदार आहे, आणि विद्यार्थिदशेत आम्हांलाही तो भुरळ घालणारा वाटला. आमच्या टिपणांतील ते वाक्य येथूनच आले. परंतु त्याचा पाया तपासून पाहिला असता तो ढासळतो. कारणे तीन आहेत.

पहिले कारण मूळ शब्दाचे. ओरिजेनने येथे ग्रीक शब्दावर इमारत उभी केली. हिब्रू ‘अक्को’ हा जोडशब्द नाही. त्यात बोकडही नाही व हरिणही नाही. ओंकेलोसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अरामी तर्गुमात त्या जागी ‘याअला’ हा शब्द आहे आणि तो हिब्रू ‘याएल’ या शब्दाचाच भाऊ आहे. ‘याएल’ म्हणजे पहाडी रानबकरा. स्तोत्र १०४:१८ मध्ये उंच डोंगर ज्याचे घर म्हटले आहेत तो, आणि १ शमुवेल २४:२ मध्ये ज्याच्या नावाने एन-गेदीजवळचे खडक ओळखले जातात तो. हा प्राणी मृत समुद्राच्या काठच्या कड्यांवर आजही पाहावयास मिळतो. त्याला दाढी असते व मागे वळलेली भव्य शिंगे असतात.

दुसरे कारण खुद्द ग्रीक बायबलातलेच आहे. ईयोब ३९:१ मध्ये मूळ हिब्रूत ‘खडकावरील याएल’ असे शब्द आहेत. त्यांच्या विण्याची वेळ तुला ठाऊक आहे काय, असा देवाचा ईयोबास प्रश्न आहे. तेथे ग्रीक भाषांतरकाराने ‘याएल’साठी ‘त्रागेलाफोस’ हाच शब्द वापरला आहे. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या भाषेत हा शब्द एका खऱ्या, कड्यांवर राहणाऱ्या, पिले देणाऱ्या प्राण्यासाठी रूढ होता. त्यांना तत्त्वज्ञांचा दृष्टान्त अभिप्रेत नव्हता. प्लिनीसारख्यांचा बोलीतला अर्थ अभिप्रेत होता.

तिसरे कारण नियमशास्त्राच्या वृत्तीचे. लेवीय १९:१९ मध्ये निरनिराळ्या जातींच्या जनावरांचा संकर करण्यास मनाई आहे, तर अनुवाद २२:१० मध्ये बैल व गाढव एका नांगरास जुंपण्यास मनाई आहे. जे शास्त्र मिश्रणाविषयी इतके दक्ष आहे ते मिश्र प्राण्यास शुद्ध ठरवील, हे संभवत नाही. अर्थात हे कारण एकटे पुरेसे नाही, कारण दाविदाच्या घराण्यात खेचरांचा वापर होताच. परंतु पहिल्या दोहोंच्या जोडीला ते ठेवण्यास हरकत नसावी.

ग्रिफिनची गतही अशीच आहे. त्या जागी हिब्रूत ‘पेरेस’ म्हणजे ‘फोडणारा’ असा शब्द आहे. उंचावरून हाडे खडकावर टाकून फोडणारे दाढीवाले गिधाड असा त्याचा अर्थ बहुतेक विद्वान करतात. तोही या सृष्टीतलाच पक्षी होय.

बैहरच्या रानाची साक्ष

येथे त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांच्या प्रश्नात प्राणिशास्त्राचे मर्म होते. हरिणकुळातील नराची शिंगे भरीव हाडाची असतात. ती दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात. चितळ, सांबर, बारशिंगा हे या कुळातले. बोकड, गवा, चौशिंगा आणि नीलगाय ही दुसऱ्या कुळातली. त्यांची शिंगे आतल्या हाडावर चढलेल्या पोकळ आवरणाची असून ती जन्मभर टिकतात. ही दोन कुळे इतकी दूरची आहेत की बोकड आणि हरिण यांच्यापासून संतती होत नाही. जे अ‍ॅरिस्टॉटलने तर्कासाठी गृहीत धरले, ते त्या वृद्धांनी जंगलात वेचलेल्या शिंगांवरून सिद्ध केले.

त्याच रानात या प्रकरणाची दुसरी बाजू उजळून टाकणारा एक प्राणी आहे. बालाघाटच्या मोकळ्या झुडपी रानात क्वचित दिसणारी नीलगाय विदर्भात ‘रोही’ या नावाने परिचित आहे. नराचा रंग निळसर करडा, पाठ मागे उतरती, मानेवर आयाळ, गळ्याखाली केसांचा झुपका, शिंगे आखूड व सरळ. तिला पाहून कोणास गाय आठवते, कोणास घोडा, कोणास हरिण. १७६६ साली पल्लास या शास्त्रज्ञाने तिला जे लॅटिन नाव दिले त्यातील ‘त्रागोकामेलुस’ या पदाचा अर्थ ‘बोकड-उंट’ असा होतो. नंतर तिच्या गणाला मिळालेल्या ‘बोसेलाफुस’ या नावाचा अर्थ ‘बैल-हरिण’. एका प्राण्याच्या नावात चार जनावरे कोंबली गेली! आणि आपण तिला ‘गाय’ म्हणतो, तेही खरे नाही. तरी त्या नावामुळेच पुष्कळ ठिकाणी लोक तिची हत्या करीत नाहीत.

एवढी सगळी नावे धारण करूनही नीलगाय हा संकर नव्हे. ती स्वतःच्या जातीची, स्वतःच्या जातीप्रमाणे पिले देणारी, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील भाषेत बोलायचे तर आपल्या जातीचीच आहे. माणूस नवा प्राणी पाहतो तेव्हा त्याच्याजवळ जुनेच शब्द असतात. दोन जुने शब्द जोडून तो नव्या प्राण्याला हाक मारतो. जिराफाचे ‘उंट-बिबळ्या’ असे झाले, रोहीचे ‘बोकड-उंट’ झाले, आणि याएलचे ‘बोकड-हरिण’ झाले. नाव जोडलेले आहे म्हणून प्राणी जोडलेला ठरत नाही. पुढे १८१६ साली द ब्लांव्हिल या फ्रेंच शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील कुरंगांच्या एका गणाला ‘ट्रॅजेलाफस’ हेच नाव दिले. ज्याच्या नसण्याबद्दल अ‍ॅरिस्टॉटलची खात्री होती, त्याचे नाव आज जिवंत कळप वागवीत आहेत.

दृष्टान्तातील प्राणी आणि यादीतील प्राणी

यावर कोणी विचारील : शास्त्रात मिश्र प्राणी मुळीच नाहीत काय? आहेत. यहेज्केलच्या पहिल्या अध्यायात मनुष्य, सिंह, बैल व गरुड यांची मुखे असलेले चार जिवंत प्राणी आहेत. दानीएलच्या सातव्या अध्यायात गरुडाचे पंख असलेला सिंह समुद्रातून वर येतो. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात सिंहासनाभोवतीचे चार प्राणी आहेत, व त्यांचा संबंध संत इरेनियसने चार शुभवर्तमानांशी जोडला. परंतु हे सर्व दृष्टान्तात दिसलेले आहेत. दृष्टान्त स्वतःच सांगतो की, मी दृष्टान्त आहे. हा सिंह कोणत्या रानात राहतो असे तेथे कोणी विचारीत नाही. खजुराहोच्या देवळांवरील व्याल किंवा महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजात हत्ती धरून उभा असलेला शरभ पाहून कोणी शिल्पकाराला खोटारडा म्हणत नाही. तो बळाचे चित्र काढतो आहे हे लहान मुलालाही कळते.

खाण्यापिण्याच्या नियमांची यादी ही निराळी गोष्ट आहे. ती कुटुंबप्रमुखाला सांगते की, काय मारावे व काय मारू नये. तेथे खरेच प्राणी हवेत. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी मूळ भाषांकडे परत जाण्याचा जो आग्रह धरला आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात साहित्यप्रकार ओळखण्याची जी आवश्यकता सांगितली, तिचे इतके सोपे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. संत थॉमस अक्विनास यांनीही आध्यात्मिक अर्थ शब्दार्थावर आधारलेला असतो व वाद शब्दार्थावरूनच करावा, असे शिकविले आहे.

याचा अर्थ ओरिजेन त्याज्य आहे, असा नव्हे. शास्त्राला खोल अर्थ आहे हे त्याचे म्हणणे ख्रिस्तसभेने कधी सोडलेले नाही. परंतु चांगल्या सिद्धान्ताला मोडका टेकू दिला तर टेकू पडताना सिद्धान्तही पडल्यासारखा दिसतो. ऐकणारा टेकूच पाहत असतो.

धर्मशिक्षकांसाठी

व्यवहारात यातून काय घ्यावे? आम्हांस तीन गोष्टी सुचतात.

पहिली : शास्त्रातील प्राणी, झाडे, रत्ने, वजने व मापे यांची नावे वाचताना ती भाषांतरे आहेत याचे भान ठेवावे. आपापल्या प्रतीत अनुवाद १४:५ काढून पाहावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या भाषांतराशी ताडून पाहावे. नावे जुळली नाहीत तर घाबरू नये. भाषांतरकाराने आपल्या वाचकाच्या रानातला जवळचा प्राणी घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी : ज्यांना आपण शिकवितो त्यांच्या ज्ञानाची कदर करावी. बैहरच्या परिसरातील माणूस जंगलाविषयी बोलतो तेव्हा तो ऐकीव बोलत नाही. कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ साली व्याघ्रप्रकल्पात आले. १९७० साली तेथील बारशिंग्यांची संख्या ६६ पर्यंत घसरली होती. या घडामोडी आपण कागदावर वाचतो. तेथील बैगा व गोंड कुटुंबांनी, ज्यांतील कित्येकांना उद्यानासाठी आपली गावेही सोडावी लागली, त्या प्रत्यक्ष भोगल्या आहेत. अशा माणसापुढे प्राण्याविषयी चुकीचे बोललो तर तो वाद घालणार नाही, तो गप्प बसेल. प्राण्याच्या बाबतीत ज्यांचा शब्द खरा नाही, त्यांचा पुनरुत्थानाविषयीचा शब्द त्याने का खरा मानावा? प्रभूने निकदेमास सांगितले ते येथे लागू आहे : पृथ्वीवरच्या गोष्टी सांगितल्यावर विश्वास बसत नसेल, तर स्वर्गातल्या गोष्टींवर कसा बसणार? फरक इतकाच की, तेथे ऐकणारा उणा होता; येथे सांगणारे आम्ही उणे होतो.

तिसरी : चूक कळली की ती जेथे केली तेथेच सुधारावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्वांसमक्ष सांगितले की, कालचा खुलासा चुकीचा होता, तो गुरुजींचा नसून आमचा होता, आणि तो प्राणी पहाडातील रानबकरा होय. वृद्ध गृहस्थ आदल्या दिवशीच्याच जागी बसले होते. त्यांनी विचारले, “त्याला दाढी असते का, फादर?” आम्ही म्हणालो, “असते.” “मग असेल,” ते म्हणाले. “आणि शिंगे?” “ती पडत नाहीत,” आम्ही सांगितले. त्यांनी मान हलविली आणि पुढचा पाठ ऐकण्यासाठी ते थोडे आत सरकून बसले.

आमच्या जुन्या टिपणांच्या प्रती आणखी कोणाच्या वह्यांत असतील तर त्यांनी त्या वाक्यावर रेघ मारावी व त्या जागी ‘रानबकरा’ असे लिहावे, ही विनंती.